समुद्रशैवालाची साक्ष

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाहीं. तेथील कित्येक वृद्धांनीं समुद्र डोळ्यांनीं पाहिलेला नसतो, आणि ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं तो मुंबईच्या चौपाटीवर किंवा रामेश्वराच्या यात्रेंत पाहिलेला असतो. तेव्हां समुद्राच्या पाण्यांत कोणता धातु किती मिसळला आहे आणि तो कसा ओळखावा, हा विषय या भागांतील श्रोत्यांना प्रथमदर्शनीं परका वाटला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु नकाशा पुढें ओढून पाहिला म्हणजे हा परकेपणा फार वेळ टिकत नाहीं. त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी नांदेडच्या घाटांना स्पर्श करून पुढें जाते. लातूरकडील पाणी तेरणा व मांजरा या नद्या वाहून नेतात. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा पुढें कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सुमारें १,४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवून गोदावरी आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे नांदेडच्या नाल्यांत जें टाकलें जातें आणि लातूरच्या गटारांतून जें वाहतें, त्यांतील वाटेंत धरणांच्या गाळांत अडकेल तेवढें सोडून बाकीच्याचा अखेरचा मुक्काम समुद्र हाच होय.

नदींत पडणारी सर्वच घाण सारखी नसते. पालापाचोळा, शेण, खरकटें, मैला यांचें सूक्ष्म जंतु विघटन करतात. पुरेसा प्राणवायु आणि पुरेसा काळ मिळाला तर नदी ती घाण पचवूं शकते. धातूंचें तसें नाहीं. शिसें, पारा, कॅडमियम, तांबें, जस्त हीं मूलद्रव्यें आहेत. त्यांचें विघटन होऊन दुसरें निरुपद्रवी द्रव्य तयार होत नाहीं. शिसें गाळांत बसेल, माशाच्या अंगांत जाईल, माणसाच्या हाडांत शिरेल. परंतु तें शिसेंच राहील. यांपैकीं तांबें व जस्त शरीराला अल्प प्रमाणांत अवश्य आहेत. मात्रा वाढली कीं तेच धातु अपाय करतात. पारा, शिसें व कॅडमियम यांचा मात्र माणसाच्या शरीराला कांहींच उपयोग नाहीं.

या गोष्टीचा अत्यंत कठोर धडा जपानमधील मिनामाता या गांवानें जगाला दिला. क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावरील या गांवीं प्रथम कोळ्यांचीं मांजरें झोकांड्या खाऊं लागलीं आणि तडफडून मरूं लागलीं. मागाहून माणसांचे हातपाय लुळे पडूं लागले, दृष्टि व वाचा जाऊं लागली. इ. स. १९५६ च्या मे महिन्यांत या रोगाची अधिकृत नोंद झाली. चिस्सो नांवाच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यांतील पाऱ्याचें एक विषारी संयुग तेथील मासे व शिंपल्यांत सांठत गेलें होतें, आणि रोजच्या जेवणांतून तें माणसांच्या मेंदूपर्यंत पोंचलें होतें. जपान सरकारनें हें कारण अधिकृतपणें मान्य केलें तें १९६८ सालीं. मध्यें बारा वर्षें गेलीं. पाण्यांत मिसळलेल्या अशा विषाला रंग नसतो, वास नसतो. डोळ्यांनीं पाहून तें कोणालाहि ओळखतां येत नाहीं. म्हणूनच तें वेळीं ओळखण्याचें साधन हातीं असणें, हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा प्रश्न राहत नाहीं.

मग पाणीच तपासावें, बाटली भरून प्रयोगशाळेंत पाठवावी, हा सरळ उपाय कोणालाहि सुचेल. तो अवश्य आहेच; परंतु समुद्राच्या बाबतींत त्यांत दोन अडचणी येतात. पहिली अडचण अल्पतेची. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षां अधिक शिसें असूं नये. ही मात्रा किती लहान आहे, हें लातूरकरांना टँकरच्या हिशेबानें लवकर समजेल. दहा हजार लिटरांचे दहा टँकर एका हौदांत रिकामे केले आणि त्या साऱ्या पाण्यांत मिळून एक ग्रॅम शिसें असलें, म्हणजे ही मर्यादा गांठली. समुद्राच्या पाण्यांतील शिशाची मात्रा सामान्यतः याहूनहि पुष्कळ कमी असते; आणि ती शोधावयाची कोणत्या पाण्यांत, तर ज्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत अशा पाण्यांत! नगारखान्यांत टिमकीचा आवाज ओळखण्यासारखेंच हें काम आहे.

दुसरी अडचण काळाची. बाटली ज्या क्षणीं भरली, त्या क्षणाचीच हकीकत ती सांगते. भरती आली कीं पाणी बदलतें, ओहोटी लागली कीं पुन्हां बदलतें, पाऊस पडला कीं निराळेंच होतें. सांडपाणी रात्रीं सुटलें आणि तपासनीस सकाळीं आला, तर बाटलींतील पाणी निर्दोष ठरावयाचें. रोज, तासातासाला, शेंकडों ठिकाणीं बाटल्या भरणें कोणत्याहि सरकारला परवडणारें नाहीं. येथें हवा आहे असा साक्षीदार, जो एकाच जागीं दिवसरात्र उभा आहे, आलेलें गेलेलें सर्व पाणी ज्यानें अंगावर घेतलें आहे, आणि त्या पाण्यांतील धातु ज्यानें आपल्यापाशीं जपून ठेवला आहे. खडकावर वाढणारें समुद्रशैवाल हा असा साक्षीदार होय.

शेवाळ म्हटलें कीं आड-विहिरीच्या पायऱ्यांवरील बुळबुळीत हिरवा थर डोळ्यांपुढें येतो. समुद्रांतील शैवालें याच मोठ्या गोतावळ्यांतील. परंतु त्यांतील कांहीं हात-दीड हात लांब वाढतात, कांहीं त्याहूनहि मोठीं होतात. रंगावरून त्यांचे हिरवीं, तपकिरी व तांबडीं असे तीन मुख्य वर्ग करतात. ओहोटीच्या वेळीं मालवणच्या किंवा गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर गेल्यास पातळ हिरव्या कागदासारखें दिसणारें उल्वा, हवेचे लहान लहान फुगे धारण करणारें तपकिरी सरगॅसम आणि पंख्याच्या आकाराचें पडिना, हीं सहज ओळखूं येतात. यांना खरीं मुळें नसतात. खडकाला घट्ट धरणारी एक चकती किंवा तंतूंचा झुपका असतो, पण तो केवळ आधारासाठीं. ज्वारीचें ताट मुळांवाटे जमिनींतून आपलें पोषण घेतें. समुद्रशैवाल सर्वांगानें भोंवतालच्या पाण्यांतून घेतें. म्हणून त्याच्या अंगांत जें सांपडेल, तें त्या पाण्याचेंच असावयाचें.

धातु त्याच्या अंगांत टिकतो कसा, हेंहि समजण्यासारखें आहे. तपकिरी शैवालाच्या पेशींच्या भित्तींत अल्जिनिक आम्ल नांवाचें एक चिकट द्रव्य असतें. त्याच्या रेणूंवर ऋण विद्युद्भाराचीं अनेक स्थानें असतात. पाण्यांत विरघळलेल्या धातूच्या कणांवर बहुधा धन विद्युद्भार असतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, आणि धातूचा कण त्या भित्तीला जखडला जातो. कांहीं कण पेशीच्या आंतहि शिरतात. आठवड्यांमागून आठवडे असें होत राहिलें म्हणजे वाळलेल्या शैवालांतील धातूचें प्रमाण सभोंवारच्या पाण्याच्या हजारपट, कांहीं धातूंच्या बाबतींत तर दहा हजारपट किंवा त्याहूनहि अधिक होतें. जी कुजबुज पाण्यांत ऐकूं येत नव्हती, ती शैवालांत मोठ्यानें ऐकूं येते.

शैवालांच्या या संग्राहक शक्तीचा अनुभव रसायनशास्त्राला पूर्वींच आलेला आहे. इ. स. १८११ मध्यें बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच रसायनज्ञ सोऱ्याच्या कारखान्यासाठीं समुद्रशैवालाची राख वापरीत असतां त्या राखेच्या द्रावणांत तीव्र आम्ल पडलें आणि जांभळी वाफ निघाली. ती आयोडीनची वाफ होती. समुद्राच्या पाण्यांत अत्यल्प असणारें हें मूलद्रव्य शैवालानें इतकें जमा करून ठेवलें होतें कीं, त्याचा शोध पाण्यांत न लागतां राखेंत लागला.

धातूंच्या बाबतींत या गुणाचा पद्धतशीर उपयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊं लागला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथें शतकानुशतकें कथील व तांब्याच्या खाणी चालल्या. प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंतील ब्रायन व हमरस्टोन यांनीं त्या भागांतील खाड्यांमधील फ्यूकस नांवाच्या तपकिरी शैवालाचें पृथक्करण करून १९७३ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्या खाड्यांना खाणींचें पाणी मिळत होतें, तेथील शैवालांत तांबें व जस्त यांचें प्रमाण चढलेलें होतें. आणखी एक गोष्ट त्यांत लक्षांत घेण्याजोगी होती. हें शैवाल शेंड्याकडे वाढतें. म्हणजे शेंडा नवा आणि बुडखा जुना. जस्तासारख्या धातूचें प्रमाण कोंवळ्या शेंड्यांत कमी व जुन्या भागांत अधिक आढळतें. त्यामुळें शेंडा अलीकडच्या पाण्याची हकीकत सांगतो आणि बुडखा मागील महिन्यांची. एकाच रोपाच्या अंगावर ताजी व शिळी अशी दोन्ही वार्ता लिहिलेली असते. खाणी बंद पडल्या म्हणून हा प्रश्न मिटत नाहीं, हेंहि याच परगण्यांत दिसून आलें. जानेवारी १९९२ मध्यें व्हील जेन या नुकत्याच बंद झालेल्या खाणींत तुंबलेलें आम्लयुक्त पाणी फुटून बाहेर पडलें आणि धातूंनीं भरलेला तो लोंढा कार्नन नदीवाटे खाडींत उतरला.

मराठी मुलुखाला जवळचें उदाहरण गोव्याचें आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजीं झाली. गोव्याच्या डोंगरांतून काढलेलें लोहखनिज अनेक दशकें मांडवी व जुवारी या नद्यांतून पडावांनीं मुरगांव बंदराकडे जात असे. अशा किनाऱ्यावरील समुद्रशैवालांत कोणते धातु किती आहेत, याची तपासणी आगाडी, भोसले व उंटवाले या संशोधकांनीं केली आणि त्यांचा निबंध १९७८ सालीं वनस्पतिशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. अशा निबंधांतील आंकड्यांचीं कोष्टकें सामान्य वाचकाला रूक्ष वाटतात. त्यांची खरी किंमत पुढें कळते. पुराच्या आधीं पुलाच्या खांबावर खुणा केलेल्या असल्या तरच पूर किती चढला तें सांगतां येतें. तसेंच पूर्वींचा आंकडा नोंदलेला असला तरच आज धातु वाढला कीं घटला, हें ठरवितां येतें.

ही तपासणी प्रत्यक्ष कशी करतात? ओहोटीला खडकावरील शैवाल हातानें उपटून किंवा धातूचें नसलेल्या साधनानें कापून घेतात, कारण पोलादी सुरीचा अंशहि हिशेब बिघडवूं शकतो. त्याच जागच्या स्वच्छ समुद्रजलानें तें धुऊन त्यावरील वाळू, गाळ आणि चिकटलेले बारीक जीव काढून टाकतात. नंतर तें मंद आंचेवर वाळवून त्याची पूड करतात, आणि ती तीव्र नत्राम्लांत तापवून विरघळवितात. पुढचें काम यंत्राचें. दिवाळीच्या दारूकामांतील हिरवट ज्योत तांब्याच्या क्षारांमुळेंहि येते, हें शाळेंतील मुलालाहि सांगितलें जातें. प्रत्येक धातूचा असा स्वतःचा प्रकाश असतो. आणि जो प्रकाश तो देतो, तोच तो शोषूंहि शकतो. विशिष्ट धातूचा प्रकाश ज्योतींतून पार नेऊन त्यांतील किती शोषला गेला, यावरून त्या धातूचें प्रमाण मोजण्याची व्यवहार्य रीति ऑस्ट्रेलियांतील ॲलन वॉल्श यांनीं १९५५ सालीं मांडली. याच तत्त्वावरचीं यंत्रें पुढें प्रयोगशाळांतून सर्वत्र पसरलीं.

साक्षीदार कितीहि प्रामाणिक असला तरी उलटतपासणीवांचून त्याची साक्ष ग्राह्य धरूं नये, हा न्यायालयाचा नियम येथेंहि लागू पडतो. पहिली गोष्ट, सर्व शैवालें सारख्याच प्रमाणांत धातु घेत नाहींत; म्हणून रत्नागिरीच्या उल्वाची तुलना गोव्याच्या सरगॅसमशीं करणें व्यर्थ होय. जात एकच हवी, वय सारखें हवें, रोपाचा भागहि तोच हवा. दुसरी गोष्ट ऋतूची. वाढीच्या दिवसांत शैवालाचें अंग झपाट्यानें वाढतें आणि धातु तेवढ्या वेगानें न मिळाल्यामुळें त्याचें प्रमाण उतरलेलें दिसतें; पाणी मात्र पूर्वींइतकेंच दूषित असूं शकतें. पावसाळ्यांत नद्यांचें गोडें पाणी मिसळून खारटपणा घटला कीं धातु शोषण्याचें मानहि बदलतें. तिसरी गोष्ट, एक धातु दुसऱ्याची जागा अडवूं शकतो. आणि चौथी, शैवाल मुख्यतः विरघळलेल्या धातूचीच साक्ष देतें. गाळाच्या कणांना चिकटून आलेल्या धातूसाठीं तळचा गाळ तपासावा लागतो, आणि पाणी गाळून अन्न खाणाऱ्या शिनाण्या, कालवें अशा शिंपल्यांनाहि विचारावें लागतें. अमेरिकेंत एडवर्ड गोल्डबर्ग यांनीं १९७५ सालीं शिंपल्यांच्या साह्यानें किनाऱ्यांवर पहारा ठेवण्याची योजना सुचविली होती. शैवाल, शिंपला आणि गाळ यांची साक्ष जुळली, म्हणजे निकाल भरंवशाचा होतो.

मराठवाड्याच्या श्रोत्यांनीं आणखी एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. धातु सांपडला म्हणजे तो कोणीतरी टाकलाच, असें नव्हे. दख्खनचा काळा पाषाण आणि त्यापासून झालेली नांदेड-लातूरची काळी जमीन यांत लोह, मँगनीज, तांबें हीं निसर्गतःच असतात. दर पावसाळ्यांत गोदावरी जो गढूळ लोंढा समुद्राकडे नेते, त्यांत या पाषाणाचा चुरा असतोच. म्हणून आधीं निसर्गाचा वांटा कळावा लागतो आणि मग माणसाचा वांटा त्यावरून काढतां येतो. हा पाया नसतां केलेली ओरड निष्कारण घबराट उत्पन्न करते, आणि पुढें खरा धोका आला तरी लोक कान देत नाहींत.

माणसाचा वांटा कोठून येतो, याची यादी मोठी आहे. धातूंवर मुलामा चढविणाऱ्या कारखान्यांचें आम्लयुक्त पाणी, फोडलेल्या जुन्या बॅटऱ्यांतील शिसें, मोडीत काढलेल्या विजेच्या वस्तु आणि कित्येक भडक रंग, हे त्यांतील कांहीं उगम आहेत. गणेशोत्सवांतील मूर्तींच्या रंगांविषयीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१० सालीं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्यें त्या सुधारल्या; विषारी रासायनिक रंग टाळून नैसर्गिक रंग वापरावे, असें त्यांत सांगितलें आहे. जलप्रदूषणाचा प्रतिबंध व नियंत्रण करणारा कायदा तर १९७४ पासून आहे. कायदा व सूचना यांचें पालन होत आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठींहि साक्षीदार लागतोच.

तो नांदेडला मिळण्यासाठीं समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाहीं. गोड्या पाण्यांतील शैवालेंहि हेंच काम करतात. नदीच्या दगडांवर केंसांच्या बटेसारखे लोंबणारे क्लॅडोफोराचे हिरवे तंतु धातु सांठवितात, आणि नद्यांच्या तपासणीसाठीं त्यांचा उपयोग करण्यांत आलेला आहे. जेथें दगडावर कांहींच वाढत नाहीं, तेथें स्वच्छ जागचें शैवाल किंवा जलमॉस जाळीच्या पिशवींत भरून कांहीं आठवडे पाण्यांत टांगून ठेवण्याची रीति आहे. एक पिशवी विष्णुपुरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, एक गोवर्धन घाटापाशीं आणि एक शहराच्या खालच्या अंगाला टांगली, तर गोदावरी शहरांत येतांना काय घेऊन येते आणि जातांना काय घेऊन जाते, याचा जमाखर्च मांडतां येईल. लातूरकरांना तर पाण्याचें मोल सांगण्याचें कारणच नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तो उन्हाळा त्या शहराच्या स्मरणांतून जाणार नाहीं. अशा भागांत जें थोडें पाणी आहे तें धातूनें नासलें, तर दुसरें आणावें कोठून? एकदां तळाच्या गाळांत बसलेला धातु धुऊन काढतां येत नाहीं. म्हणून सूचना आधीं मिळण्याचें महत्त्व जेथें पाणी थोडें तेथें अधिक.

या कामीं महाविद्यालयांचा हातभार मोठा होऊं शकतो. नांदेडला १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, आणि नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत येतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी शैवालें गोळा करण्यासाठीं कोंकण-गोव्याच्या सहलीला गेले, म्हणजे आणलेले नमुने कागदावर दाबून, वाळवून संग्रहांत ठेवण्याची प्रथा आहे. त्या कागदावर जात, जागा, तारीख आणि भरतीरेषेपासूनची उंची इतकें नीट लिहिलें, तर वीस वर्षांनीं तोच कागद तुलनेसाठीं उपयोगी पडेल. कारण वाळलेल्या शैवालांतील तांबें, जस्त, शिसें सहसा उडून जात नाहींत. मात्र एक सावधगिरी अवश्य हवी. जुन्या वनस्पतिसंग्रहांत किडीपासून बचाव करण्यासाठीं पाऱ्याचा क्षार लावण्याची चाल होती. असा नमुना पाऱ्यासाठीं तपासला, तर समुद्राच्या माथीं कपाटाचा दोष मारला जाईल.

समुद्राला रत्नाकर म्हणण्याची आपली प्राचीन रीति आहे. रत्नें देणाऱ्या समुद्राकडे माणूस काय पाठवितो, याची नोंद मात्र मानवी दप्तरांत क्वचितच पुरी सांपडते. ती खडकावरच्या एका सामान्य वनस्पतीनें ठेवलेली असते. तिचे अक्षर लावण्याची विद्या आतां उपलब्ध आहे, यंत्रें उपलब्ध आहेत, आणि या विद्येचा पहिला धडा गोदावरीच्या किंवा मांजरेच्या कांठच्या दगडावरहि गिरवितां येतो. जें पाणी नांदेड-लातूरच्या हद्दींतून बाहेर पडतें, तें पुढें कोणाच्या तरी शेतांत, कोणाच्या तरी घागरींत आणि अखेर कोणा कोळ्याच्या जाळ्यांत जावयाचें आहे. तें कसें गेलें, हें पाहण्याचा अधिकार जसा खालच्यांना आहे, तशी पाहण्याची जबाबदारी वरच्यांची आहे.